सुटली म्हण

सातपूर, नाशिक
१० जून १९७९

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

आईला जाऊन चार महिने होत आले आणि माझं हे पहिलंच पत्र. तू मनातल्या मनात मला शिव्या दिल्या असशील, त्या पोचल्या. दाजी म्हणतील, कारखान्यात राबणाऱ्याला पत्र लिहायला वेळ कुठला. दाजींना सांगू नकोस, पण वेळ भरपूर आहे. रविवार तर संपता संपत नाही.

रविवारी आम्ही सायकली काढतो. मी, नजीर आणि सहादू. नजीर माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, सहादू स्टोअरमध्ये. धरण बांधताना खडी वाहायला छोटी रेल्वे लाइन टाकली होती बघ, जिचे रूळ आपल्या लहानपणीच उपटून नेले, तिच्या भरावावरून आम्ही जातो. तुमच्या घोटीच्या अलीकडे भाताच्या खाचरांमधून ती अजून सरळ गेलेली दिसते. चढ जाणवतच नाही, कारण इंजिनाला झेपेल असा तो बेताबेतानं चढवलेला आहे. लाकडी स्लीपर लोकांनी नेले, निम्म्या गोठ्यांना त्याच तुळया आहेत. खडी मात्र कुणी नेली नाही, ती आमच्या बुडाला कळते. डोंगर खोदून केलेल्या घळीतून जाताना तिघंही मोठ्यानं ओरडतो आणि आवाज घुमला की शहाण्यासारखे गप्प होतो. मजा येते, खोटं कशाला सांगू.

पण ती मजा पहिल्या तासाची. नंतर माझा उजवा हात आपोआप सायकलची मूठ पिळायला लागतो. नजीर हसतो. म्हणतो, "यादव, कितना भी घुमाव, रबर हाय ते."

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. दोन वर्षांपूर्वी माळावरच्या शर्यतीत मी पडलो, गळपट्टीचं हाड मोडलं. आई दवाखान्यात आली. तिनं रडारड केली असती तर परवडलं असतं. तिनं माझा चांगला हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची आण हाय. परत फटफटीवर बसलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी बसलो नाही. नजीरच्या मागेसुद्धा बसलो नाही, पावसात एस.टी.ची वाट बघत उभा राहिलो. वाटलं होतं, वर्षभरानं तिचा राग उतरेल, मी म्हणेन, आई, सुटली म्हण, आणि ती हसून सुटली म्हणेल. लहानपणी कितीदा असं झालंय. आता ते म्हणणारी गेली, आणि तिचं मेलेलं तोंडही मी पाहिलं.

तू कळवलं होतंस की साधा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल, म्हणून मी निघालो नाही. शेवटी तूच तिच्याजवळ होतीस. माझ्याबद्दल काही बोलली का ती? शपथेचं काही? नीट आठवून लिही.

दाजींना जय भीम.

तुझा
यादव

•

घोटी
२८ जून १९७९

चि. यादव यास अनेक आशीर्वाद.

शिव्या पोचल्या हे वाचून बरं वाटलं, टपालखातं अजून चालू आहे म्हणायचं.

आई शेवटी काय बोलली विचारतोस. काही बोलली नाही रे. शांतपणे गेली, त्रास झाला नाही. तुझं नाव तिच्या मनात असणारच, पण बोलली असं काही नाही. उगाच उकरत बसू नकोस.

आणि एवढं काय अडलंय त्या फटफटीवाचून? तुझे दाजी शाळेत पोरांना शिकवतात की शपथ, नवस, कौल सगळं झूट आहे. परवा मलाही तेच शिकवायला लागले. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे, पण शपथ सोडायला तुम्हाला कुणी विचारलंय? तर वह्या तपासायला बसले. मला विचारशील तर आईनं तुझ्यावर उपकारच केले. हाडं शाबूत राहिली. सायकल चालव, पोट सपाट राहतं. त्या लाइनीवरून येताच आहात तर घरापर्यंत या की. तिघांना पुरेल एवढा भात घोटीत पिकतो.

गोजराबाई शेजारून विचारत असते, यादवचं लगीन कधी. मी तिला काय सांगू ते कळव.

तुझी
अक्का

•

सातपूर
१८ नोव्हेंबर १९७९

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

दिवाळीत तू आम्हा तिघांना एवढं जेवू घातलंस की परतीच्या वाटेत सहादू घळीत आडवा झाला आणि उठेना. नजीर अजून तुझ्या तांदळाच्या भाकरीचं नाव काढतो.

पाऊस संपला तसं माळावरचं मैदान क्लबनं पुन्हा चालू केलंय. आता दर रविवारी सराव असतो. ज्याला हौस आहे त्यानं आपली गाडी आणायची, स्वतःचं पेट्रोल घालायचं आणि मातीच्या गोल रस्त्यावर मनसोक्त फेऱ्या मारायच्या. नजीर जातो. मीही जातो, सायकलवर. कुंपणाबाहेर सायकल टेकवतो आणि बघत बसतो. सगळ्यांना माझी शपथ माहीत आहे. कुणी हसत नाही, हेच जास्त लागतं. आज एकानं मला निशाण दाखवायच्या कामाला घेऊ का म्हणून विचारलं. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि घरी आलो.

माझी जावा गाडी खोलीमागे ताडपत्रीखाली उभी आहे. घरमालकिणीच्या कोंबडीनं तिच्या सीटवर बस्तान मांडलंय, दोन अंडीही दिली. म्हणजे कोंबडीला परवानगी आहे, मला नाही.

नजीर मोठा वकील. म्हणतो, तुझी आई त्या गाडीबद्दल बोलली होती, तू माझ्या गाडीवर बस. मग म्हणतो, शपथ आईच्या जीवाची होती, आई गेली, शपथ गेली. दाजी म्हणतात तेही पटतं. मी काही मानत नाही अक्का. पण गेल्या आठवड्यात कोंबडी हाकलली, ताडपत्री काढली, सीटवर बसलो आणि कीक मारायला पाय उचलला. हाताला आईचा गळा लागला. खरंच लागला, ऊन आणि सुरकुतलेला, गिळताना हलतो तसा हलला. पाय खाली ठेवला. डोकं मानत नाही, पण हात मानतो, त्याला काय करू?

तू लग्नाचं लिहिलंस. नको. मी सध्या कुणाबरोबर राहण्याच्या लायकीचा नाही. कारखाना, खोली, कारखाना. जेवण जात नाही. परवा मशीनवर काम करताना फिरणाऱ्या पात्याकडे बराच वेळ बघत राहिलो. हात जवळ जवळ जात होता. नजीरनं हाक मारली तेव्हा कळलं. तसं काही नव्हतं, घाबरू नकोस. नुसतं लिहिलं.

तुझा
यादव

•

घोटी
२४ नोव्हेंबर १९७९

चि. यादव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. दाजींना वाचून दाखवलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे मीच सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी आई चांगली शुद्धीवर होती. मला जवळ बस म्हणाली. मग म्हणाली, "यादवला सांग, सुटली. बस म्हणावं गाडीवर. पण उपाशीपोटी जाऊ नको म्हणावं, आन् पुढं बघून चालव म्हणावं." एवढं बोलली आणि थोड्या वेळानं गेली.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला तुझी भीती वाटत होती. वाटलं, सायकलवर रमेल पोरगं. तुला राग आला असेल तर ये आणि माझ्या तोंडावर बोल. पण ते पात्याबित्याचं पुन्हा लिहू नकोस. मला दोन दिवस झोप नाही.

आई सुटली म्हणाली आहे. तू मोकळा आहेस. कोंबडीला दुसरी जागा दे.

तुझी
अक्का

•

सातपूर
१७ डिसेंबर १९७९

अक्का,
जय भीम, जय भीम, जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. इतके महिने मी कुंपणाशी बसलो आणि तू माझी सुटका कनवटीला लावून घोटीत भात कांडत होतीस. पण तो राग गाडी चालू होईपर्यंतच टिकला.

कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला. नजीर धक्का द्यायला उभा होता, गरज पडली नाही. कीक मारली, जावाला कीकचाच दांडा गिअरचा असतो, तो पुढे लोटून गिअर टाकला आणि निघालो. हात हातासारखा राहिला. मुठीत रबर होतं आणि ते पिळलं की गाडी पुढे जात होती.

रविवारी मैदानावर गेलो. पहिल्या फेऱ्या भीतभीत मारल्या. वळणावर डावा पाय मातीला टेकवून गाडी आडवी घालायची असते, तो पायच विसरला होता. मग आठवला. मागचं चाक बाहेर फेकलं जातं आणि आपण ते जाऊ देतो, पण सोडत नाही, त्या जागी काय वाटतं ते तुला कसं सांगू. लहानपणी नदीवर तू माझ्या पोटाखालचा हात काढून घेतलास आणि मी बुडलो नाही, तेव्हा असं वाटलं होतं. नजीर बाजूनं पुढे गेला आणि मागं बघून हसला. पुढच्या फेरीत मी त्याला गाठलं. मग हसायची पाळी माझी. संध्याकाळी आम्ही सगळे धुळीनं एकाच रंगाचे झालो होतो. टपरीवाल्यानं नजीरला यादव म्हणून चहा दिला.

मी घरून जेवून निघालो होतो. आईनं सांगितलंय ना.

अक्का, तू सांगितलंस ते बरं केलंस. मी पुष्कळ वाईट विचार करत होतो, ते आता येत नाहीत. सायकली सोडल्या नाहीत, शनिवारी पाळी लवकर सुटली तर लाइनीवर एक चक्कर असतेच.

तुझा
यादव

•

घोटी
२६ डिसेंबर १९७९

चि. यादव यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. दाजींनी दोनदा वाचलं आणि मला गाडी आडवी कशी घालतात ते परातीत लाटणं ठेवून समजावून दिलं. त्यांना सायकलसुद्धा धड येत नाही.

माझं एक काम कर. रविवारी मैदानावरून परत आलास की एक कार्ड टाकत जा. फार लिहू नकोस, आलो एवढं लिहिलं तरी चालेल. रात्री स्टेशनवरच्या पेटीत टाकलंस तर मला सोमवारी मिळतं, पोस्टमनला विचारून घेतलंय. काळजी वगैरे काही नाही. आपलं कळलेलं बरं असतं, एवढंच. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवीन, गोजराबाईला वाटेल मला किती पत्रं येतात.

आणि अंगात जाड कपडे घालत जा.

तुझी
अक्का

•

रविवार, ६ जानेवारी १९८०

अक्का, आलो. दोन हात, दोन पाय, डोकं एक. मोजून बघितलं.
यादव

•

रविवार, २० जानेवारी १९८०

अक्का, आलो. क्लबच्या शर्यतीत चौथा. कोपर सोललं. कार्डावरचा डाग चहाचा आहे, भलतं काही समजू नकोस.
यादव

•

घोटी
३१ जानेवारी १९८०

यादव,

या सोमवारी कार्ड आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आलं. त्यावर तू लिहिलंयस की टाकायचं विसरलो, खिशात राहिलं. ठीक आहे. माणूस विसरतो. मी काही बोलत नाही.

मंगळवारी दाजी शाळा सोडून सातपूरला यायला निघाले होते. स्टँडपर्यंत गेले आणि मीच त्यांना परत बोलावलं. म्हटलं, आपणच अशुभ बोलल्यासारखं होईल. दाजी म्हणाले, शुभ-अशुभ असं काही नसतं. मी त्यांच्यावर नको ते ओरडले. गोजराबाई बाहेर येऊन बघायला लागली.

खिशात ठेवत जाऊ नकोस. पत्ता लिहून तयार ठेव, म्हणजे नुसतं टाकायचं राहील.

अक्का

•

सातपूर
१० फेब्रुवारी १९८०

प्रिय अक्का,
सप्रेम जय भीम.

काल रजा काढून मी घोटीला आलो होतो. त्या कार्डाबद्दल समोर बसून तुझी माफी मागावी म्हणून सायकलवर आलो, एकटाच, लाइनीवरून. तू आणि दाजी शनिवारच्या बाजारात होता. घराला कुलूप. गोजराबाई ओट्यावर गहू निवडत होती. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आज सापडायची नाय ती. रविवारी यायचं. रविवारी कुठं जात नाय, नुसत्या चहावर ऱ्हाती. सोमवारी टपालवाला आला की मग भाकर मोडती. त्या आठवड्यात तर लय हाल झाले तिचे."

मी विचारलं, किती दिवस चाललंय हे? म्हणाली, तुझी गाडी चालू झाली तवापासनं.

मग आईचा विषय निघाला. मी म्हटलं, जाताना आई माझं नाव काढून गेली, तेवढं समाधान. गोजराबाई सूप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "नाव कुठलं काढती? वाचा आधीच गेली व्हती तिची. आठवडाभर एक अक्षर फुटलं नाय. मीच चमच्यानं पाणी पाजत व्हते ना." एवढं बोलल्यावर आपण काहीतरी नको ते बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं. चहा ठेवते म्हणाली. मी थांबलो नाही.

परतताना घळीत सायकल आडवी टाकून बसलो. म्हणजे आई सुटली म्हणालीच नाही. मी एवढे रविवार तिची शपथ मोडत होतो, तेही घरून जेवून, तिनं सांगितलं म्हणून. वाटलं, आता हाताला पुन्हा तिचा गळा लागेल. उठून सायकलची मूठ धरून बघितली. लागला नाही. आईच्या शपथेतून मी खरोखर सुटलोय अक्का, तुझ्या खोट्यानं सुटलोय. त्याचा मला राग नाही. तू ते लिहिलं नसतंस तर मी आज कुठं असतो मला माहीत नाही.

पण आता दुसरंच डोळ्यांपुढे येतं. तू ओट्यावर बसलीयस आणि समोर चहाचा कप आहे. मी इकडे कार्डावर हातपाय मोजून गंमत करत होतो. आज रविवार, मैदान चालू आहे, नजीर दोनदा बोलावून गेला. मी गाडी पुसली आणि परत आत ठेवली.

म्हणून तुझ्याकडे एकच मागतो. आईचं नाव नको. तुझ्या नावानं, तुझ्या मनानं लिही. सुटली. एवढा एक शब्द. तू लिहिलास की मी गाडी काढतो, आणि तू रविवारी जेवायचं. लिहिता येत नसेल तर तसं कळव.

तुझा
यादव

•

घोटी
१८ फेब्रुवारी १९८०

चि. यादव यास अनेक आशीर्वाद.

आठवडाभर लिहीन लिहीन म्हणते आहे. कागद फाडून चुलीत घातले. दाजी म्हणाले, एका शब्दाचं तर पत्र आहे, दे, मी लिहितो, तू खाली सही कर. मी म्हटलं, सहीसुद्धा होणार नाही.

गोजराबाईवर मी रागावले नाही. आईची वाचा गेली होती हे खरं आहे. तुला ताप म्हणून कळवलं, कारण तू रात्रपाळी करून तसाच धावत आला असतास, आणि मला वाटलं होतं ती उठेल. उठली नाही. तुझी तिची भेट माझ्यामुळे चुकली, ते माझ्या मनात आहेच. मग तू ते पात्याचं लिहिलंस. आईच्या नावानं खोटं लिहायला मला एक घटकाही लागली नाही यादव. तिनं काय म्हटलं असतं, कसं म्हटलं असतं, सगळं आपोआप सुचत गेलं. जेवून जायचंसुद्धा सुचलं.

माझ्या नावानं तोच शब्द लिहायला बसते आणि हात थांबतो. मी तुला शपथ घातलेली नाही, घालणार नाही, आणि चालवू नकोस असंही म्हणणार नाही. तू गाडी चालवतोस तेव्हा तू माणसात असतोस, हे मला तुझ्या पत्रांवरून कळतं. ते मला हवं आहे. पण सुटली म्हणायचं म्हणजे मी आता भीत नाही असं म्हणायचं, आणि मी भिते. आपले बाबा गेले, आई गेली. मला मूलबाळ नाही. तुला मी कडेवर वाढवलंय. रविवारी सकाळपासून माझ्या कानात तुझी गाडी असते आणि ती थांबत नाही. मी काही उपास धरलेला नाही, कुणी तसं समजू नये. घास खाली उतरत नाही, एवढंच.

तुला खोटं लिहून पाठवलं असतं तर तू ओळखलं असतंस. तेव्हा हे खरं पाठवते. याचं काय करायचं ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

दाजी आशीर्वाद सांगतात.

तुझी
अक्का

•

शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९८०

अक्का,
हे कार्ड शुक्रवारीच टाकतोय, म्हणजे शनिवारी तुझ्या हातात पडेल. या रविवारी मी मैदानावर जात नाही. पुढच्या रविवारचं मला आज सांगता येत नाही.
परवा वेळेवर जेवून घे.
यादव